मेजरांचा संत्री

मेजरांचा हात माझ्यावर एकदाच पडला, आणि तो माझ्यासाठी नव्हता. त्या एका थपडेनं माझ्या डाव्या कानाचा पडदा फाटला. आजही कुणी डावीकडून हाक मारली की मी उजवीकडं बघतो, आणि बायको म्हणते, "आले का तुमचे मेजर?" येतात. ज्यानं आपला कान फोडला त्याची आठवण आपणच जपावी, हे सांगायला लाज वाटते. पण जपतो.

खरं तर ते मेजर नव्हतेच, हवालदार होऊन परतले होते. आमच्या सातारा-सांगलीकडं फौजेतून सुटून आलेला प्रत्येक जण मेजरच असतो. हे मूळचे आटपाडीकडचे, कोरड्या मुलखातले धनगर. वडलांची हयात मेंढरांमागं गेली, यांची बंदुकीमागं. पांढऱ्या मिशा कात्रीनं सरळ रेषेत कापलेल्या, आणि हात असा की पंजा उघडला की माझ्या जेवणाच्या ताटलीएवढा व्हायचा. मिरजेत स्टेशनच्या रस्त्याला त्यांचं शोभेच्या माशांचं दुकान होतं. असल्या हाताचा माणूस असला नाजूक धंदा का करतो, हे सगळ्यांनाच विचारायचं असायचं आणि कुणीच विचारायचं नाही.

दुकानात पाटी होती, 'काचेला बोट लावू नये.' एकदा एका तरण्याबांड गिऱ्हाइकानं टाकीवर टकटक केली. मेजर म्हणाले, "पाटी वाचली का?" तो हसला आणि परत टकटक केली. मेजरांनी ते बोट धरलं आणि उलटं वाकवलं. मोडल्याचा आवाज मी समोरच्या चहाच्या गाड्यावरून ऐकला; तेव्हा माझे दोन्ही कान शाबूत होते. मग मेजरांनीच त्याला रिक्षात घालून हाडाच्या डॉक्टरकडं नेलं आणि प्लास्टर होईपर्यंत त्याच्या शेजारी बसून राहिले. "पयलं सांगायचं, मग मारायचं, मग दवाखान्यात न्यायचं," असा त्यांचा नियम होता. मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही, म्हणून तो नियम निभत होता.

स्टेशनजवळ एक माणूस कुत्र्याला साखळीनं मारत होता, तर मेजरांनी तीच साखळी काढून घेऊन त्याला बडवला. तो महिनाभर लंगडत होता. सोडवलेलं कुत्रं मात्र मेजरांनाच चावलं. पोटरीवर टाके घेऊन आले आणि चहाच्या गाड्यावर म्हणाले, "त्येचं बराबर हाय. माझ्या हातात साखळी बघितली त्येनं." आम्ही पोट धरून हसलो.

हसू येतं, कारण मार खाणारे परके होते. घरातला मार सांगताना हसू येत नाही. मेजरांच्या बायकोला आम्ही सगळे मावशी म्हणायचो. बारीक अंगाची, कमी बोलणारी बाई. तीस वर्षं तिनं तो हात सोसला, त्यातली फौजेची वर्षं सुट्टीपुरती आणि नंतरची रोज. एका दुपारी भाकरीला उशीर झाला, एवढ्यावरून त्यांनी तिचं मनगट पिरगाळलं आणि ते मोडलं. नियमाप्रमाणं दवाखान्यात नेलं. तो नागपंचमीच्या आदला दिवस होता. बायका नागपंचमीला माहेरी जातात, तशी मावशी प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून दवाखान्यातूनच एसटी स्टँडवर गेली. जाताना म्हणाली, "वरीसभर हात उचलू नका. मानसावर न्हाई, जनावरावर न्हाई. फुडच्या नागपंचमीला मी यीन. त्याच्याआदी उचलला, तर मला मेली समजा." हे मला मेजरांनीच सांगितलं, स्वतःचं मनगट दाबत. मावशीच्या वतीनं मी त्यांना माफ केलं नाही. ते माझं काम नव्हतं.

बायको गेली आणि मेजरांनी समुद्र आणला. त्याच दिवसांत ते माझ्याकडं पहिल्यांदा आले. मी एका दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त-लघवी तपासतो. टेबलावर पाण्याची बाटली आदळून म्हणाले, "ह्येचं वजन बघून दे." मी नेहमीच्या सवयीनं विचारलं, "पेशंटचं नाव?" मेजर माझ्याकडं असं बघू लागले की मी खुर्ची मागं सरकवली. "पेशंट न्हाई. समुद्र हाय ह्यो." लघवीचा दाटपणा बघायचं आमचं एक डोळ्याला लावायचं यंत्र असतं, त्यात खाऱ्या पाण्याचा दाटपणाही कळतो हे त्यांनी कुठून तरी ऐकलं होतं. त्या दिवसापासून माझं नाव 'लॅब' पडलं. रोज चहाच्या सुट्टीत मी त्यांच्या दुकानी जाऊन समुद्र तपासायचो. मिरजेच्या उन्हाळ्यात पाणी आटून खारटपणा वाढायचा, मग साध्या पाण्याची भर घालायची, बर्फाच्या बाटल्या सोडायच्या. पाणी बिघडलं तर डॉक्टरांनी मला कधी झापलं नसेल एवढे मेजर झापायचे.

समुद्राच्या त्या टाकीत फक्त दोन जीव होते. एक गोबी जातीचा मासा, माझ्या बोटाएवढा, पांढुरक्या अंगावर केशरी पट्टे आणि डोक्यावर बटबटीत डोळे. दुसरा एक झिंगा, ज्याला जवळजवळ दिसत नाही. झिंगा दिवसभर वाळूत बीळ खणतो आणि मासा बिळाच्या तोंडाशी उभा राहून पहारा करतो. खणताना झिंग्याची एक मिशी माशाच्या अंगाला टेकलेली असते. धोका दिसला की मासा शेपटी थरथरवतो, मिशीला ते कळतं आणि दोघं बिळात गडप होतात. मेजर अंदमानात नेमणुकीला असताना त्यांनी ही जोडी उथळ पाण्यात पाहिली होती. माशाला ते संत्री म्हणायचे, झिंग्याला आंधळा.

आंधळा साधा नव्हता. त्याचा एक पंजा मोठा होता, तो मिटला की टक्कन असा आवाज व्हायचा की दुकानाबाहेरच्या माणसानं मान वळवावी. एकदा दगडाबरोबर एक बारका खेकडा टाकीत आला. तो बिळाकडं सरकला, टक् झालं, आणि खेकडा उताणा होऊन पाय झाडू लागला. आणखी एकदा टक्, आणि ते झाडणंही थांबलं. मग आंधळ्यानं त्याचे पाय एकेक करून तोडले. मेजर गुडघ्यांवर हात ठेवून बघत होते. म्हणाले, "बघ लॅब. मारतोय कोन? ज्येला दिसत न्हाई, त्यो. डोळं असलेला निस्ती शेपटी हालवतो." मग कंबर सरळ करत म्हणाले, "म्या तीस वर्सं आंधळ्याचंच काम केलं."

पण शहाणपण सुचणं वेगळं आणि हात आवरणं वेगळं. त्या वर्षात मेजरांचा राग कमी झाला नाही, फक्त माणसांवरून काचेवर गेला. राग आला की ते दुकानामागच्या मोकळ्या जागेत जायचे आणि गळक्या जुन्या टाक्या हातोड्यानं फोडायचे. रस्त्यावर आवाज आला की चहावाला म्हणायचा, "आज कुणाचं तरी डोकं वाचलं." एकदा दारू प्यालेला एक इसम दुकानात शिरून मावशीबद्दल नको ते बोलला. मेजरांनी दोन्ही हात पाठीमागं बांधले, मग एक हात तोंडाशी नेला आणि स्वतःच्याच मनगटाला कडकडून चावले. तो इसम पळाला. मी पट्टी बांधायला गेलो तर मांसात दातांची पूर्ण कमान उमटली होती. "मानसावर न्हाई उचलला," ते म्हणाले. रक्त कोपरापर्यंत आलं होतं.

त्यांच्या हातून चुका व्हायच्या त्याही भलेपणातून. संत्री एकटा दिसतो म्हणून त्यांनी मुंबईहून तसलाच दुसरा मासा पार्सलनं मागवला. टाकीत सोडल्यावर दोघांनी तोंडं वासली, एकमेकांचे जबडे पकडले आणि पाण्यात गरागरा फिरू लागले. केशरी पट्ट्यांच्या चिंधड्या खाली पडत होत्या. मी म्हटलं, "मेजर, हात घाला, सोडवा." त्यांनी हात घातला नाही. नवा मासा तळाशी पडला तेव्हा त्याचा एक डोळा जागेवर नव्हता. मेजरांनी त्याला जाळीनं बाहेर काढलं, तळहातावर घेतलं आणि म्हणाले, "एका चौकीवर दोन संत्री ऱ्हात न्हाईत. मला ठावं हुतं. तरी आनला." त्या दिवशी मागं तीन टाक्या फुटल्या.

आणि अखेर नागपंचमी आली. वर्ष पुरं झालं होतं. मेजरांनी दाढी केली होती, फौजेतला कडक इस्त्रीचा सदरा घातला होता आणि दुकान दोनदा झाडलं होतं. नागपंचमीला जमीन खणू नये, विळीवर काही चिरू नये असं आपल्याकडं पाळतात. मेजर टाकीपाशी वाकून म्हणत होते, "आज तरी खनू नगं रं आंधळ्या. सन हाय." आंधळा खणत होता. मी पाण्याचा नमुना घ्यायला टाकीवरची जाळी काढली; हा मासा उडी मारून बाहेर पडतो म्हणून वर कायम दाट विणीची जाळी असायची. नमुना घेतला आणि जाळी बाजूला ठेवून मी यंत्रात बघू लागलो. ती परत ठेवायला विसरलो.

मावशी अकराच्या एसटीनं आली. हिरवं लुगडं, एका हातात नारळ, कमरेला पिवळी पिशवी. तिनं बिरोबाला नवस बोलला होता, वर्ष नीट गेलं तर दुकानात भंडारा उधळीन. आमच्याकडं भंडारा म्हणजे देवाची हळद, ती मेंढरांवर टाकतात, नव्या ट्रॅक्टरवर टाकतात, नवऱ्या मुलावर टाकतात. ती पडली म्हणजे भलंच होणार. मागच्या टाकीत समुद्र आहे आणि त्यात कोण उभं आहे, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. ती आत आली, वर्षभर न हसलेलं हसू हसली, "बिरोबाच्या नावानं चांगभलं" म्हणाली आणि पहिली मूठ मेजरांच्या डोक्यावर टाकली. मेजरांनी डोळे मिटले. मग दोन्ही मुठी भरून तिनं सगळ्या दुकानावर उधळल्या.

पाणी पिवळं झालं. आंधळा बिळात गेला. संत्री जागचा हलला नाही. शेपटी थरथरवत तिथंच उभा राहिला, मग त्याचं तोंड वासलं, कल्ले ताणले गेले आणि तो एका अंगावर कलला. मेजरांनी डोळे उघडले, त्यांना आधी टाकी दिसली, मग मावशीचे पिवळे हात. त्यांचा उजवा हात वर गेला.

मी शूर माणूस नाही. मारामारी दिसली की मी चपला हातात घेऊन पळणाऱ्यांपैकी आहे. त्या क्षणी माझे पाय पुढं का पडले हे मला अजून कळलेलं नाही. डाव्या कानावर काहीतरी फुटलं, मी काउंटरवर आपटलो आणि कपाळ फुटून रक्त डोळ्यांत आलं. जाळी मीच काढली होती, तेव्हा थप्पड अगदीच चुकीच्या पत्त्यावर गेली असं म्हणता येणार नाही. डोळे पुसले तेव्हा मावशी भिंतीला लागून उभी होती, दोन्ही हात तोंडासमोर आडवे धरून. तिनं ते हळूहळू खाली घेतले.

"ह्यो माझ्यासाठी हुता," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. तिनं नारळ काउंटरवर ठेवला, पदराची हळद झटकली आणि मेजरांना म्हणाली, "आता पुन्यांदा पयल्यापास्नं." मग ती ज्या रस्त्यानं आली त्याच रस्त्यानं गेली. मेजर तिच्या मागं गेले नाहीत. त्यांनी मला रिक्षात घातलं आणि कानाच्या डॉक्टरकडं नेलं. वाटेत एवढंच म्हणाले, "ह्या टायमाला आदी सांगितलंसुदिक न्हाई रं म्या." त्यांच्या मिशीतली हळद घामानं ओघळत होती. मला त्यांचा राग आला होता, भयंकर आला होता, आणि रिक्षा वळणावर कलली तेव्हा मी त्यांचाच दंड धरला.

संत्री मेला. आंधळा बिळात होता म्हणून वाचला, पण चार दिवस बाहेर आला नाही. आम्ही बादल्या बादल्या पाणी बदललं. पाचव्या दिवशी मी म्हटलं, दुसरा संत्री मागवू. मेजर म्हणाले, "न्हाई. ही ड्यूटी आता माझी." दुसऱ्या दिवसापासून ते सकाळी स्टुलावर बसून उजवा हात टाकीत घालू लागले. एक बोट बिळाच्या तोंडाशी, वाळूला टेकवून, न हलवता. आंधळ्यानं पहिल्याच दिवशी त्या बोटावर पंजा मारला. टक् झालं आणि मेजरांचा खांदा हिसकला, पण बोट तिथंच राहिलं. दुसऱ्या दिवशी परत, तिसऱ्या दिवशी परत. पेराशी काळंनिळं झालं. मी म्हटलं, "पुरे करा." म्हणाले, "मारू दे. लय मारलंय ह्या हातानं. जरा खाऊ दे की."

दोनेक आठवड्यांनी मी दुकानी गेलो तर मेजरांनी मान न वळवता डाव्या हातानं मला गप्प राहायची खूण केली. आंधळा बिळाच्या तोंडाशी होता. त्याची एक मिशी मेजरांच्या बोटाला टेकली होती आणि तो वाळू उपसत होता. मेजरांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्यांचा हात मोकळा नव्हता असं नाही, डावा होता. पण ते हलले नाहीत. तासभर बसले. पुढं रोज तासभर बसत. त्या काळात मागच्या जागेत एकही टाकी फुटली नाही, हे चहावाल्याच्या आधी माझ्या लक्षात आलं, कान एक असूनही.

त्या दुसऱ्या वर्षाला सव्वा महिना कमी होता तेव्हा मेजर दुकानात कोसळले. न्यूमोनिया होता; आमच्याच दवाखान्यात दाखल केलं. ताप मेंदूत चढला आणि ते भ्रमात गेले. कुठल्या तरी चौकीवर होते ते, समोर कुणीतरी चाल करून येत होतं. सलाईन लावायला आलेल्या वॉर्डबॉय मामांना त्यांनी असा ठोसा मारला की ओठ फाटून दात लाल झाले. दुसऱ्याला लाथ घातली. चौघांनी मिळून त्यांना दाबलं आणि दोन्ही मनगटं बँडेजनं खाटेच्या दांड्यांना बांधली. दुसरा इलाजच नव्हता. मी मावशीच्या भावाला फोन केला.

ती दुपारी आली. खाटेकडं बघण्याआधी तिनं मला विचारलं, "कुनाला मारलं का ह्यानी?" मी म्हटलं, "नाही." अकरा महिने मी रोज त्या बोटाकडं बघत आलो होतो, मला खरं बोलता आलं नाही. तिनं मामांच्या सुजलेल्या ओठाकडं बघितलं. मी कुणाला काही सांगितलं नव्हतं, पण ते मामा माझ्याकडं एक नजर टाकून म्हणाले, "दाराची कडी लागली, मावशी."

"व्हय," मावशी म्हणाली. "माज्याबी हाताला दाराची कडीच लागल्याली. तीस वर्सं लागत हुती."

मावशी खाटेशी गेली आणि बँडेजची गाठ सोडू लागली. सिस्टर धावत आल्या, "अहो, मारतील ते." मावशी म्हणाली, "त्यो हात मला तुमच्यापरीस जास्त ठावं हाय, बाई." तिचं डावं मनगट नीट जुळलं नव्हतं, वाकडंच राहिलं होतं, त्यामुळं गाठ सोडायला वेळ लागला. सुटलेला हात वर गेला. आम्ही सगळे मागं सरलो. मावशी सरली नाही. तिनं तिचं वाकडं मनगट त्या हाताला नुसतं टेकवलं, धरलं नाही, आणि तो हात खाली आला आणि चादरीवर पडून राहिला.

संध्याकाळी ते शुद्धीवर आले. तिला ओळखलं आणि म्हणाले, "अजून सव्वा म्हैना हाय."

"असू द्या," ती म्हणाली. "म्या मोजायचं सोडलं."

तिसऱ्या दिवशी मेजर गेले. माशांचं दुकान आवरलं, टाक्या कुणी कुणी नेल्या, समुद्र माझ्या घरी आला. सव्वा महिन्यानं नागपंचमी होती. त्या दिवशी सकाळी दारात मावशी उभी, कमरेला पिशवी नाही, हात रिकामे. म्हणाली, "बघू तरी त्यो आंधळा." मी जाळी काढली आणि सांगितलं की मेजर कसं बोट धरायचे. तिनं बाही वर सरकवली आणि वाकड्या मनगटाचा हात पाण्यात घातला. आंधळा आला, त्यानं मिशी टेकवली आणि खणायला लागला.

"आज खनू नये म्हनून सांगितलं न्हाई का ह्येला कुनी?"

"मेजरांनी सांगितलं होतं. ऐकत नाही."

"त्यानी तरी कवा कुनाचं ऐकलं," मावशी म्हणाली आणि थोडी हसली.

आम्ही दोघं तसेच बसलो. मी उजवा कान काचेला लावला होता, कारण डाव्यानं मला तो आवाज ऐकू येत नाही. बिळाच्या आत कुठंतरी टक् झालं. मावशीचा मोकळा हात एकदम वर गेला आणि तिच्या तोंडासमोर आडवा झाला. तिच्याही ते लक्षात आलं. तिनं तो खाली घेऊन मांडीवर ठेवला आणि माझ्याकडं बघितलं नाही. पाण्यातला हात तिनं हलवला नव्हता.